मेडिकल स्कूलचा डायव्हर्सिटी एसे: विषय कसा निवडायचा

अमेरिकेत मेडिकल स्कूलला अर्ज करणाऱ्या मराठी मुलामुलींचे निबंध मी बरीच वर्षं वाचते आहे. ओळखीपाळखीतून येतात. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या कुणाची मुलगी, कुणाचा भाचा, कधी बारावीनंतर थेट इथे पदवीला आलेला नागपूरचा मुलगा. अभ्यासात कुणी कमी नसतं. एमकॅटची, म्हणजे इथल्या मेडिकल प्रवेशपरीक्षेची, तयारी झालेली असते, लॅबमध्ये काम केलेलं असतं, हॉस्पिटलातल्या व्हॉलंटियरिंगचे तास भरलेले असतात. आणि मग अर्जात डायव्हर्सिटी एसेचा प्रश्न येतो: तुमच्या पार्श्वभूमीमुळे, तुमच्या अनुभवांमुळे आमच्या वर्गात कशाची भर पडेल? इथे भलेभले अडतात. "मावशी, माझ्यात वेगळं काहीच नाही, मी काय लिहू?" असं म्हणणारी मुलं असतात, तशीच "मी भारतीय आहे, हे पुरेसं नाही का?" असं विचारणारीही असतात. हा लेख दोघांसाठी आहे. त्यांच्या आईवडिलांनीही वाचावा, कारण या निबंधाची चर्चा जेवणाच्या टेबलावर होतेच.

पद्धत ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. आपल्याकडे नीटचे मार्क आणि कॅप राउंड यांवर एमबीबीएसची जागा ठरते. इथे आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट, मग अर्ज. बहुतेक एमडी (इथली डॉक्टरकीची पहिली पदवी) कॉलेजांचा मुख्य अर्ज ॲमकास या एकाच पोर्टलवरून जातो. त्यात ५,३०० कॅरेक्टरपर्यंतचं पर्सनल स्टेटमेंट आणि जास्तीत जास्त १५ ॲक्टिव्हिटीज असतात. तो गेला की प्रत्येक कॉलेज आपापले प्रश्न पाठवतं, त्याला सेकंडरी म्हणतात. डायव्हर्सिटी एसे बहुधा तिथे भेटतो. टेक्सासच्या बहुतेक कॉलेजांचं पोर्टल वेगळं आहे. तिथे याच जातीचा निबंध मुख्य अर्जातच लिहावा लागतो आणि त्याला २,५०० कॅरेक्टर मिळतात.

आधी प्रश्न नीट वाचा

सगळे डायव्हर्सिटीचे प्रश्न सारखे नसतात. काही कॉलेजं विचारतात, तुम्ही वर्गाला काय द्याल. काही विचारतात, कोणत्या समाजात वाढलात आणि त्याने तुम्हाला कसं घडवलं. काहींना तुमच्याहून फार वेगळ्या माणसाबरोबर काम केल्याचा प्रसंग हवा असतो. तिसऱ्या प्रश्नाला पहिल्याचं उत्तर चिकटवलं, तर वाचणाऱ्याच्या ते पहिल्या चार ओळींत लक्षात येतं. त्या प्रश्नात समोरचा माणूस महत्त्वाचा असतो. त्याचं म्हणणं काय होतं, ते ऐकून तुम्ही काय बदललंत, हे त्यांना वाचायचं असतं.

२९ जून २०२३ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डच्या खटल्यात प्रवेशासाठी वंशाचा निकष लावायला मनाई केली. त्यानंतर बऱ्याच कॉलेजांनी प्रश्नाची भाषा बदलली. कुठे 'डायव्हर्सिटी' हा शब्दच गेला आणि 'अनुभव', 'दृष्टिकोन', 'समाज' असे शब्द आले. तेव्हापासून मुलं घाबरून विचारतात, की आता भारतीय असण्याबद्दल लिहायचंच नाही का. लिहायचं. त्याच निकालात मुख्य न्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी स्पष्ट म्हटलं आहे, की वंशाचा आपल्या आयुष्यावर कसा परिणाम झाला, भेदभावातून असो वा प्रेरणेतून, हे उमेदवार सांगू शकतो आणि कॉलेज ते विचारात घेऊ शकतं. मात्र ते त्या एका माणसाच्या धैर्याशी, जिद्दीशी किंवा तो कॉलेजला जे देऊ शकतो त्याच्याशी जोडलेलं हवं. माझ्या मते चांगला निबंध निकालाच्या आधीही असाच असायचा. तुम्ही कोण आहात हे पहिल्या ओळीत कळेल. त्यामुळे तुम्ही काय करता, हे उरलेल्या निबंधात यायला हवं.

भारतीय वंशाचे विद्यार्थी इथल्या वैद्यकीय शिक्षणात 'कमी प्रतिनिधित्व असलेले' धरले जात नाहीत, हेही डोक्यात असू द्या. अर्जांच्या त्याच ढिगात तुमच्यासारख्याच घरांतली, तुमच्याच गणपतीला आलेली मुलं असतात. म्हणून 'मी दोन संस्कृतींमध्ये वाढले' एवढ्यावर भागत नाही.

काय सांगून झालंय ते मांडून ठेवा

एका कागदावर लिहा: पर्सनल स्टेटमेंटमध्ये कोणता प्रसंग गेला, 'मोस्ट मीनिंगफुल' म्हणून निवडलेल्या तीन ॲक्टिव्हिटीजमध्ये काय गेलं, आणि आयुष्यातल्या मोठ्या अडचणींसाठी ॲमकासमध्ये जो १,३२५ कॅरेक्टरचा ऐच्छिक निबंध असतो, त्यात काही लिहिलंय का. उरलं त्यातून विषय शोधा. तीच गोष्ट पुन्हा सांगायची वेळ आलीच, तर वेगळ्या बाजूने सांगा. नाहीतर एक जागा फुकट गेली.

विषय नंतर, आधी प्रसंग गोळा करा

मुलं बहुतेक वेळा उलटं करतात. आधी 'इमिग्रंट कुटुंब', 'कला', 'समाजसेवा' असं शीर्षक ठरवतात आणि मग त्यात बसेल असं आयुष्य आठवायला लागतात. असा निबंध कुणाचाही होऊ शकतो. तुम्ही आठवडाभर रोज थोडा वेळ नुसते प्रसंग लिहून काढा, निबंध वगैरे मनात आणू नका. लोक नेहमी कोणत्या कामासाठी तुम्हालाच हाक मारतात? घरात किंवा नोकरीच्या जागी असं काय येतं, जे इतरांना शिकवावं लागतं? कुठल्या जागी तुम्ही एकटेच वेगळे होतात, आणि मग काय केलंत? कुणाशी मतभेद झाला आणि तुमचं मत बदललं? कोणती गोष्ट तुम्ही कुणी सांगितल्याशिवाय सुरू केलीत?

यातला बराचसा भाग मराठीतच घडलेला असतो, तर तो आधी मराठीत सांगा. लिहिता येत नसेल तर फोनवर रेकॉर्ड करा. आजी काय म्हणाली, आत्याने काय उत्तर दिलं, ते त्यांच्याच बोलीत आलं की खरे तपशील आपसूक बाहेर पडतात. एकदम इंग्रजीत लिहायला बसलेलं मूल 'रेझिलियन्स'सारख्या शब्दापाशी जातं आणि तिथेच थांबतं.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. एका मुलीचा पहिला मसुदा तिच्या अरंगेत्रमवर, म्हणजे भरतनाट्यमच्या पहिल्या जाहीर कार्यक्रमावर होता. छान लिहिला होता, पण त्यात तिच्यापेक्षा तिच्या गुरूंचाच परिचय जास्त होत होता. गप्पा मारताना ती सहज बोलून गेली, की भारतातून आलेले आजोबा गुडघेदुखीसाठी बॅगेतून आणलेली क्रोसिनही घेत होते आणि इथल्या दुकानातलं टायलेनॉलही. स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचल्यावर तिला दिसलं, की एकीवर पॅरासिटॅमॉल लिहिलंय आणि दुसऱ्या बाटलीवर ॲसिटामिनोफेन. औषध एकच. फक्त दोन देशांत दोन नावं, आणि मात्रा दुप्पट झाली की यकृताला धोका. तिने आजोबांच्या सगळ्या गोळ्यांचा एक तक्ता केला: कंपनीचं नाव, आतलं औषध, किती मिलिग्रॅम, कशासाठी, कधी. मंडळात आजोबांनी तो कौतुकाने दाखवला आणि दुसऱ्या रविवारी तीन आजीआजोबा आपापल्या औषधांच्या पिशव्या घेऊन हजर.

पुढे एका आजींनी तिला हळूच सांगितलं, की परत जाईपर्यंत गोळ्या पुरायला हव्यात म्हणून त्या बीपीची गोळी अर्धीच घेतात, मुलाला खर्चात कशाला पाडायचं. मुलगी त्यांना रागावली नाही. त्यांचं म्हणणं पूर्ण ऐकलं, त्यांच्या परवानगीने सुनेला सांगितलं, आणि सुनेने डॉक्टरांना विचारून गोळ्यांची सोय केली. त्यानंतर ती तक्ता करताना प्रत्येकाला आणखी एक प्रश्न विचारू लागली: "चिठ्ठीवर काय आहे ते कळलं, पण तुम्ही रोज खरंच काय घेता?"

हा विषय तिला विषय वाटतच नव्हता. "हे तर मी घरचं काम म्हणून केलं," म्हणाली. पण पाहा यात काय काय आहे: तिची भाषा, तिचं घर, बघून ओळखलेली अडचण, स्वतः उचललेलं काम, आणि पेशंटशी बोलायची एक रीत, जी ती वर्गमित्रांनाही दाखवू शकेल. भारतीय असण्याचा वेगळा उल्लेखही करावा लागला नाही. आणि तिने कुणाला औषध सुचवलं नाही, डोस बदलला नाही, ही मर्यादाही निबंधात नीट दिसली. ती दिसणं फार महत्त्वाचं आहे.

मग चाळणी लावा

जमलेल्या प्रसंगांना मी तीन प्रश्न विचारायला सांगते. तुमच्या जागी तुमचा चुलतभाऊ असता तर हाच निबंध त्याच्या नावावर खपला असता का? खपत असेल तर तो विषय कुटुंबाचा आहे, तुमचा नाही. दुसरं, त्यात तुम्ही काही केलंत का, की तुमच्या बाबतीत फक्त काही घडलं? आणि तिसरं, ज्यावर मुलं सर्वात कमी विचार करतात: याचा तुमच्या शेजारी बसणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा समोरच्या पेशंटला काय उपयोग?

या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच एका बाईने १८८३ साली दिलेलं आहे. आनंदीबाई जोशी अठरा वर्षांच्या होत्या. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाला त्यांनी प्रवेशासाठी पत्र लिहिलं. कॉलेजच्या सगळ्या अटी आपण पूर्ण करू शकत नसू, हे त्यात मोकळेपणी मान्य केलं. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून इथवर आले आहे, हेही सांगितलं, पण ते सांगून थांबल्या नाहीत. माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांना वैद्यकीय मदत देण्यासाठी मला शिकायचं आहे, असं लिहिलं. स्वतःचं वेगळेपण थेट पेशंटच्या गरजेला नेऊन जोडलं. १८८६ मध्ये त्यांना एमडी पदवी मिळाली. ते पत्र मी प्रत्येक मुलाला वाचायला सांगते, कारण ते लहान आहे आणि त्यात एकही वाक्य सजावटीचं नाही.

नेहमीचे विषय घ्यायचेच असतील तर

गणेशोत्सव, नृत्य, ढोलताशा, आईवडिलांचे कष्ट, आजीचं आजारपण. यातलं काही वर्ज्य नाही, पण आतली एखादी बारीक जागा पकडावी लागते. एका मुलाने मंडळाच्या गणपतीवर लिहायचा हट्टच धरला. पहिला मसुदा मोदक, आरती, एकोपा असाच होता. मी त्याला विचारलं, त्या दिवशी तू नक्की कुठे उभा होतास? तो जेवणाच्या रांगेत वाढायला होता. एका आईने विचारलं, यातल्या कशात शेंगदाणे आहेत, मुलाला ॲलर्जी आहे. कुणालाच सांगता येईना, कारण पदार्थ आठदहा घरांतून आले होते आणि आपल्याकडे कोशिंबिरीपासून खिचडीपर्यंत सगळीकडे दाण्याचं कूट. पुढच्या वर्षी त्याने प्रत्येक पातेल्यापुढे कार्ड ठेवायचं ठरवलं, तर काही काकवांना राग आला. आमच्या हातच्या जेवणावर पाट्या कशाला? मग तो एकेका काकूकडे गेला, कृती विचारली, कार्डावर पदार्थाच्या नावाखाली त्यांचं नाव घातलं आणि त्याखाली शेंगदाणे, दूध, गहू. राग गेला. सण तोच, पण आता हा निबंध दुसरं कुणी लिहू शकत नव्हतं.

आईवडिलांच्या कष्टांबद्दल लिहिताना निम्म्याहून जास्त जागा त्यांनाच जाते. मुलांनी कृतज्ञ असावं, जरूर असावं. पण प्रवेश कमिटी तुमच्या वडिलांना प्रवेश देणार नाही. वडील मोटेल चालवत असतील आणि तुम्ही रात्री डेस्कवर बसत असाल, तर रात्री दोन वाजता आलेल्या दमलेल्या, चिडलेल्या माणसाशी तुम्ही कसं बोललात ते लिहा.

एका विषयाबद्दल मात्र कळकळीने सावध करते: सुट्टीत गावी जाऊन आरोग्य शिबिरात केलेली 'सेवा'. अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने, म्हणजे एएएमसीने, परदेशात पेशंटची कामं करणाऱ्या प्रीमेड (मेडिकलला जाण्याच्या तयारीतल्या) विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. प्रशिक्षण नसताना इंजेक्शन देणं, टाके घालणं, हे त्यात बसत नाही. "इथे जे करू देत नाहीत ते मला तिथे करायला मिळालं," असं अभिमानाने लिहिलेलं वाक्य अर्ज बुडवू शकतं, आणि बुडवावं असंच मला वाटतं. गावातली माणसं सरावासाठी नसतात. त्यांना गरीब, अडाणी, हात जोडून उभे असं रंगवू नका. शिबिरात तुम्ही टोकन वाटत होता ना? मग लिहा, की रांगेत मागे उभ्या असलेल्या बायका दुपारी निघून का गेल्या, हे तुम्ही कुणाला विचारलंत आणि काय कळलं.

"माझ्यात वेगळं काहीच नाही"

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये वाढलेल्या, आई डॉक्टर आणि वडील आयटीत असलेल्या मुलाला असं वाटणं साहजिक आहे. वेगळेपण म्हणजे फक्त वंश, धर्म किंवा गरिबी नव्हे. तुम्ही आधी दुसरी नोकरी केली असेल, कम्युनिटी कॉलेजमधून आला असाल, भाऊ स्वमग्न असेल, क्रिकेटच्या सामन्यांना अंपायर म्हणून उभे राहत असाल, कीर्तनात पेटीची साथ करत असाल. अंपायरिंग करणाऱ्या मुलाला दोन्ही बाजू ओरडत असताना निर्णय देऊन शांत उभं राहता येतं. इमर्जन्सी रूममध्ये त्याचं मोल आहे. सुखवस्तू घरातून आला असाल तर ते लपवू नका आणि खोटी हलाखीही उभी करू नका. वाचणारे अनुभवी असतात, अर्जात आईवडिलांचं शिक्षण आणि व्यवसाय त्यांच्यापुढे असतो.

नाजूक विषय

जात, मानसिक आजार, अपंगत्व, लैंगिकता, घरातली हिंसा. यांबद्दल लिहायचं की नाही हा निर्णय फक्त तुमचा, आईबाबांचा किंवा माझाही नाही. जातीचे चटके तुम्ही किंवा तुमच्या घराने सोसले असतील, तर तो पूर्ण हक्काचा विषय आहे. फक्त इथल्या वाचकाला जात म्हणजे काय हे एका वाक्यात सांगावं लागेल, आणि मग लगेच तुमच्या प्रसंगाकडे या. ज्यांनी ते सोसलं नाही त्यांनी दुसऱ्याचं दुःख स्वतःच्या नावावर मांडू नये. माझी कसोटी सोपी आहे: इंटरव्ह्यूत एखाद्या अनोळखी माणसाने यावर तीन प्रश्न विचारले, तर तुम्हाला शांतपणे बोलता येईल का? जखम अजून ओली असेल तर हा विषय यंदा राहू द्या.

लिहायला बसताना

ॲमकास मे महिन्याच्या सुरुवातीला उघडतं, अर्ज मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला पाठवता येतो आणि कॉलेजांकडे तो जूनअखेरीस पोचायला लागतो. म्हणजे जुलैत सेकंडरींचा पाऊस पडतो, आणि प्रत्येकीला साधारण दोन आठवड्यांत उत्तर गेलेलं बरं. त्यामुळे विषयाची निवड एप्रिल-मेमध्येच उरका. मागच्या वर्षीचे प्रश्न बहुधा पुन्हा येतात. आधी दोन हजार कॅरेक्टरचा एक मसुदा करा, मग तोच हजारात बसवा. कॅरेक्टर म्हणजे अक्षर, विरामचिन्ह आणि मोकळी जागा, सगळं धरून. काटछाट करताना प्रसंग ठेवा आणि त्याचं स्पष्टीकरण काढा. मुलं नेमकं उलटं करतात.

कॉलेजचं ध्येयधोरण आणि विद्यार्थ्यांची माहिती एएएमसीच्या एमएसएआर या डेटाबेसमध्ये मिळते. ग्रामीण भागासाठी डॉक्टर घडवणाऱ्या कॉलेजला आणि संशोधनावर भर देणाऱ्या कॉलेजला एकाच प्रसंगाची वेगळी बाजू दाखवता येते. औषधांच्या तक्त्यातली आजींशी झालेली बोलणी पहिल्याला, आणि तक्त्यात दिसलेल्या चुकांचा नमुना दुसऱ्याला.

लेखन तुमचंच हवं. ॲमकासवर तसं प्रमाणित करावं लागतं. कल्पना सुचवायला किंवा चुका तपासायला माणसांची वा एआयची मदत चालते, पण अंतिम मजकूर तुमच्या कामाचं खरं प्रतिबिंब असला पाहिजे. आईबाबांना विनंती, की वाक्यं बदलून देऊ नका. "हे असं झालं नव्हतं, तू तेव्हा रडली होतीस," असं आठवून दिलंत तर त्याची मदत कितीतरी जास्त होईल.

मसुदा झाला की मराठी नसलेल्या एखाद्या मित्राला वाचायला द्या आणि दुसऱ्या दिवशी, कागद समोर नसताना, विचारा काय आठवतंय. "तू भारतीय आहेस आणि कष्टाळू आहेस" असं उत्तर आलं तर प्रसंगांच्या वहीकडे परत जा. "ती अर्धी गोळी घेणारी आजी" असं आलं तर विषय जमला. मग त्या आजींची ओळख पटेल असं काही राहिलं नाही ना, ते तपासा, आणि मजकूर अर्जाच्या चौकटीत टाकण्याआधी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये घेऊन कॅरेक्टर पुन्हा मोजा.